बुजऱ्या कुत्र्याला घरात वाढवताना

प्रस्तावना

सांगली जिल्ह्यातले जत, आटपाडी, कवठेमहांकाळ आणि त्यांना लागून साताऱ्याचे माण-खटाव. पाऊस कमी, माळ मोठा आणि माळावर मेंढरं. जत तालुक्यातल्या माडग्याळ गावाच्या नावाने मेंढीची एक जात ओळखली जाते. त्याच पट्ट्यात उंच पायांचं, बारीक कमरेचं, लांबट तोंडाचं कुत्रं पिढ्यान्‌पिढ्या वाढत आलं. त्याला कुणी कारवान म्हणतं, कुणी कारवानी. अंगावर लांब केस असले तर पश्मी. सीमेपलीकडे बागलकोट जिल्ह्यात हेच कुत्रं मुधोळ हाउंड या नावाने प्रसिद्ध आहे. मुधोळचे राजे मालोजीराव घोरपडे यांनी ही जात जातीने जोपासली आणि इंग्लंडच्या पंचम जॉर्जला तिची जोडी भेट दिली. २००५ साली टपाल खात्याने देशी कुत्र्यांची तिकिटं काढली, त्यांत या कुत्र्याचंही तिकीट होतं. २०१६ साली लष्कराने या जातीची पिल्लं शिकवण्यासाठी मेरठच्या आपल्या केंद्रात नेली.

असं नावाजलेलं कुत्रं कुणी हौसेने साताऱ्याच्या शाहूपुरीत किंवा सांगलीच्या विश्रामबागेत घेऊन येतो, आणि ते घरात पाऊल टाकल्याबरोबर दिवाणाखाली शिरतं. बेल वाजली की मोरीत जाऊन उभं राहतं. कुकरची शिट्टी झाली की दाराला नखं मारतं. पाहुण्यांनी डोक्यावरून हात फिरवायला जावं, तर अंग चोरतं, कान मागे पाडतं आणि एखाद्या वेळी दात दाखवतं. मालकाला वाटतं, पिल्लू खोटं निघालं. शेजारी सांगतात, दोन फटके दिल्याशिवाय सरळ यायचं नाही. पुढची पानं लिहिली आहेत ती अशा घरांसाठी.

माळावरच्या या कुत्र्याला परका माणूस चटकन जवळ आलेला चालत नाही. अनोळखी हात अंगावर पडलेला त्याला सोसत नाही, आणि कारवान पाळणारी जुनी माणसं ही गोष्ट कौतुकाने सांगतात. घरच्यांपाशी ते अतिशय मऊ असतं. परक्याला मात्र लांबूनच पाहतं, आधी मागे सरतं, मग वर्तुळ काढून त्याचा अंदाज घेतं. मोकळ्या रानात यात काही बिघडत नाही, कारण मागे सरायला भरपूर जागा असते. तेच कुत्रं बारा बाय दहाच्या खोलीत, गळ्यात साखळी अडकवलेलं, समोर चार पाहुणे आणि पाठीशी भिंत असं सापडलं की त्याच्या हाती दोनच गोष्टी उरतात: थिजून बसणं किंवा चावणं. म्हणून माझं सगळं सांगणं एका गोष्टीभोवती फिरतं. आपण त्याच्याकडून काढून घेतलेलं अंतर त्याला आधी परत द्यायचं, आणि मग ते कमी कधी करायचं हे त्याचं त्याला ठरवू द्यायचं. शिकवणं त्यानंतर सुरू होतं.

हे कारवानपुरतंच खरं आहे असं नाही. रस्त्यावरून उचलून आणलेलं गावठी पिल्लू, विक्रेत्याच्या पिंजऱ्यात वाढलेलं लॅब्रॅडॉर, तीन घरं फिरून चौथ्या घरी आलेलं पॉमेरेनियन, सगळ्यांना हेच लागू पडतं. पण या दोन जिल्ह्यांत बुजरेपणाची बहुतेक गाऱ्हाणी कारवानबद्दल ऐकू येतात, म्हणून उदाहरणं त्याची जास्त आहेत.

भीती काही प्रमाणात रक्तातून येते. अमेरिकेच्या आर्कान्सा राज्यात १९६० च्या दशकापासून पॉइंटर कुत्र्यांच्या दोन शाखा मुद्दाम वेगळ्या वाढवल्या गेल्या, एक धीट आणि एक भित्री. भित्र्या शाखेतली पिल्लं माणूस समोर आला की जागच्या जागी ताठरून जात. त्यांना कुणी मारलं नव्हतं, उपाशी ठेवलं नव्हतं. तेव्हा आपलं कुत्रं भितं म्हणजे त्याचा कुणीतरी छळच केला असणार, असं धरून चालण्यात अर्थ नाही. पिल्लू घ्यायला जाल तेव्हा आधी आई पाहा. आई तुम्हाला पाहून गोठ्यामागे पळत असेल, तर पिल्लाच्या रंगावर भुलू नका.

बाकीचा भाग वाढीचा. जॉन पॉल स्कॉट आणि जॉन फुलर या दोघांनी मेन राज्यातल्या बार हार्बर इथल्या प्रयोगशाळेत कुत्र्यांचा दीर्घ अभ्यास करून १९६५ साली ग्रंथ लिहिला. जन्मानंतर साधारण तिसऱ्या आठवड्यापासून बाराव्या आठवड्यापर्यंत पिल्लाचं मन जगाला उघडं असतं, या काळात जे भेटतं ते आपलं होतं, हे त्यांनी दाखवून दिलं. त्याच प्रयोगशाळेत काही पिल्लं कुंपणाच्या आत माणसाचं दर्शन न होता वाढवली होती. ज्यांना चौदाव्या आठवड्यात पहिल्यांदा माणूस भेटला, ती पुढेही रानटीच राहिली. आपल्याकडे काय होतं ते पाहा. वस्तीवरच्या गोठ्यात, आडबाजूला पिल्लं जन्मतात. त्यांनी चार घरची माणसं आणि जनावरं पाहिलेली असतात. मिक्सर, जिना, फरशी, लिफ्ट, रिक्षा यांतलं काहीच पाहिलेलं नसतं. त्यांतलं एखादं महिन्याभराचं असतानाच आईपासून तोडून आणतात, आणि आणल्यावर पार्व्हो रोगाच्या धास्तीने लसी पुऱ्या होईपर्यंत घराबाहेर काढत नाहीत. म्हणजे जे आठवडे शिकण्याचे, ते नेमके कोंडून जातात. आठ आठवड्यांच्या आत पिल्लू आईपासून तोडू नये. आणि लसी पुऱ्या होईतो त्याला जमिनीवर सोडायची भीती वाटते ना, मग कडेवर घेऊन बाहेर जा. एसटी स्टँडच्या कडेला उभे राहा, भाजी मंडईच्या तोंडाशी थांबा. त्याने लांबून बघावं, इतकंच.

आता फटक्यांबद्दल. कुत्रा घाबरून भुंकला की त्याला दटावायचं, गुरगुरला की नाकावर मारायचं, ही रीत घरोघरी आहे. तिच्या मुळाशी अशी समजूत आहे की कुत्रं आपल्यावर वरचढ व्हायला बघतं आणि टोळीचा म्होरक्या कोण हे त्याला दाखवून द्यावं लागतं. ही समजूत कोंडून ठेवलेल्या लांडग्यांच्या निरीक्षणातून निघाली. डेव्हिड मीच या लांडग्यांच्या अभ्यासकाने १९७० च्या आपल्या पुस्तकातून ती जगभर नेली, आणि रानातले लांडगे वर्षानुवर्षं पाहिल्यावर १९९९ साली त्यानेच ती सोडून दिली. रानातली टोळी म्हणजे बहुधा आई-बाप आणि त्यांची पिल्लं असतात, म्होरकेपणाची लढाई तिथे रोज चालत नाही, हे त्याने लिहिलं. घाबरलेल्या कुत्र्याला तर राज्य नकोच असतं, त्याला तिथून सुटायचं असतं. गुरगुरणं ही त्याची शेवटची विनंती असते. ती मारून बंद केली तर भीती तशीच राहते आणि इशारा तेवढा जातो. मग असं कुत्रं एक दिवस न गुरगुरता चावतं, आणि सगळे म्हणतात, एकाएकी चावलं.

‘भीती मोडणं’ हाही आपल्याकडचा आवडता उपाय. फटाक्यांना भितं ना, मग फटाके वाजतात तिथेच बांधा. पाण्याला भितं ना, टाका कॅनॉलमध्ये. अशा वेळी कुत्रं पुष्कळदा गप्प होतं, आणि बघणाऱ्याला वाटतं गुण आला. ते गप्प झालेलं असतं कारण पळायला वाट उरलेली नसते. आतला धसका मात्र पक्का बसतो.

धसका किती खोल जातो याचा एक जुना दाखला आहे, आणि सांगलीकरांना तो लगेच कळेल. २३ सप्टेंबर १९२४ रोजी लेनिनग्राड शहरात नदीचा पूर आला. रशियन शास्त्रज्ञ इव्हान पाव्हलॉव्ह यांच्या तिथल्या प्रयोगशाळेतली कुत्री पिंजऱ्यांत अडकली. पाणी चढत गेलं, कुत्री छताला नाकं टेकवून पोहत राहिली. पिंजऱ्यांची दारं खाली होती, म्हणून सोडवायला आलेल्या माणसांना त्यांना पाण्याखाली दाबून बाहेर ओढावं लागलं. कुत्री वाचली. पण काहींच्या अंगवळणी पडलेले, महिनोन्‌महिने पक्के केलेले संकेत पार पुसले गेले. खास करून जी मुळात हळवी होती, त्यांच्यावर परिणाम फार काळ टिकला. कष्टाने पुन्हा शिकवल्यावर अशा एका कुत्र्याच्या खोलीत दाराखालून पाण्याची नुसती धार सोडली, आणि ते पुन्हा पूर्वीसारखंच कोलमडलं.

ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णा आयर्विन पुलाजवळ ५७ फुटांच्या वर गेली, तेव्हा सांगलीचा गावभाग, भिलवडी, ब्रह्मनाळ आणि नदीकाठची कितीतरी गावं पाण्यात होती. नावेत माणसांनाच जागा पुरत नव्हती. कित्येक कुत्री पत्र्यांवर, गच्चीवर मागे राहिली. त्यांतली जी वाचली त्यांची माणसं पुढे सांगत राहिली की टाकी भरताना पाण्याचा आवाज आला तरी हे थरथरतं, पावसाळी अंधारून आलं की जेवत नाही. २०२१ साली पुन्हा पूर आला. त्या कुत्र्यांना हट्टी किंवा लाडावलेलं म्हणणं हा त्यांच्यावर अन्याय आहे. पूर येणाऱ्या गावातल्या प्रत्येक घराने सामान वर हलवताना कुत्र्याचाही विचार आधीच करून ठेवला पाहिजे: कुठे न्यायचं, कुणाकडे, कशात घालून. तोंडाला जाळी बांधून घ्यायची आणि पिंजऱ्यात शांत बसायची सवय उन्हाळ्यातच लावली, तर ऐन पुरात नावाडीही त्याला घ्यायला तयार होतो.

धसका कसा उतरवायचा याची वाट कुत्र्यांच्या शाळेत नव्हे, लहान मुलांच्या मानसशास्त्रात सापडली. त्याच १९२४ साली मेरी कव्हर जोन्स या संशोधिकेने पीटर नावाच्या, तीन वर्षांच्या आतबाहेरच्या मुलाची नोंद प्रसिद्ध केली. तो सशाला भीत असे. तो आवडीचं खात असताना पिंजऱ्यातला ससा खोलीच्या लांबच्या टोकाला ठेवला, आणि त्याचं खाणं चालू राहील इतक्याच बेताने दिवसेंदिवस जवळ आणला. शेवटी पीटर सशाला हात लावू लागला. आज जगभर भित्र्या कुत्र्यांसाठी जे केलं जातं, त्याचा गाभा हाच आहे.

मायणीजवळच्या एका वस्तीवर मी हे फार चांगलं झालेलं पाहिलं. तिथली हरणी नावाची कारवान कुत्री, दूध गोळा करणारा गडी मोटरसायकलवर किटल्या लावून आला की कडब्याच्या गंजीमागे पळायची आणि तो गेल्यावरही तासभर यायची नाही. घरच्या नातीने उकडलेल्या अंड्याचे हरभऱ्याएवढे तुकडे केले, हरणीला सोप्याच्या पायरीशी बसवलं आणि गड्याला सांगून गाडी लांब बांधावरच थांबवली. गाडी दिसली की तुकडा, दिसतेय तोवर तुकड्यामागून तुकडा. गाडी गेली की अंडं बंद. आजोबांना हे पटेना. त्यांनी गळपट्ट्याला धरून हरणीला पुढे न्यायला सुरुवात केली.

“आबा, तिला वढू नगा. हितंच बसू द्या.”

“अगं पर लांबनं काय शिकंल ती? जवळ गेल्याबिगार भ्या कसं जायाचं?”

“लांबनंच शिकंल, आबा. ती खातीया तवर बरोबर हाय. खायाची थांबली की समजायचं, गाडी लई जवळ आली.”

त्या पोरीने सगळी विद्या दोन वाक्यांत सांगितली. कुत्रं आवडीचं खातंय की नाही, हे भीतीचं घरगुती मोजमाप आहे. खाल्लं तर अंतर बरोबर. तुकडा हिसकल्यासारखा ओढून घेतला, तर अंतर कडेला आलं. तोंड फिरवलं, तर आपण फार पुढे गेलो, मागे सरायचं. काही आठवड्यांनी गाडी बांधावरून चिंचेखाली आली, मग गोठ्यापाशी. एका संध्याकाळी ती वाटेतच फाटफाट करून बंद पडली आणि हरणी पुन्हा गंजीमागे गेली, तेव्हा दुसऱ्या दिवशी पुन्हा बांधापासून सुरुवात झाली. पावसाळा सरता सरता गाडी आली की हरणी गंजीकडे पळण्याऐवजी नातीच्या तोंडाकडे बघायला लागली. गड्याला तिने अंगाला हात लावू दिला नाही, आणि तो लावावा अशी कुणाची अपेक्षाही नव्हती.

एक शंका हमखास येते: घाबरलेलं असताना खाऊ दिला, जवळ घेतलं, तर ते भित्रेपणाला बक्षीस नाही का? नाही. बक्षिसाने कृती वाढते. भीती ही कृती नाही, ती अवस्था आहे. भेदरलेलं कुत्रं तुमच्या मांडीशी आलं तर त्याला तिथे राहू द्या. आणि ते मोरीत जाऊन बसलं असेल तर ओढून मांडीवर घेऊ नका.

कुत्र्याकडे पाहायला शिकणं यातला निम्मा भाग आहे. दात दिसण्याच्या फार आधी ते सांगायला लागलेलं असतं. झोप नसताना जांभई येते, नाकावरून जीभ फिरते, पुढचा एक पाय उचललेला राहतो, डोळ्याच्या कडेला पांढरं दिसतं, अंगाचा भार मागच्या पायांवर जातो, उघडं तोंड एकदम मिटतं. माडगूळच्या व्यंकटेश माडगूळकरांनी ‘सत्तांतर’मध्ये वानरांच्या टोळ्यांकडे ज्या बारकाईने पाहिलं, तसं पाहणं माणदेशाच्या मातीला नवीन नाही. दारातल्या कुत्र्यासाठी ते वापरायचं आहे.

गळ्यातल्या पट्ट्याबद्दल इथेच सांगून ठेवतो, कारण त्यावर जीव अवलंबून असतो. कारवानचं डोकं मानेपेक्षा अरुंद असतं. साधा पट्टा, मागे ओढ घेतली की, डोक्यावरून सहज निसटतो. भेदरलेलं कारवान एकदा सुटलं की त्याला धावून गाठणं माणसाचं काम नाही, आणि साताऱ्यातून पुणे-बंगळूर महामार्ग जातो. ओढल्यावर ठरावीक मर्यादेपर्यंतच आवळणारा रुंद पट्टा आणि छातीवरून जाणारा हार्नेस, दोन्ही घालून दोन्हींना दोरी लावा. काटेरी किंवा गळा करकचून आवळणारे पट्टे बुजऱ्या कुत्र्याला कधीही नकोत. समोर अनोळखी माणूस दिसला आणि त्याच क्षणी मानेला कळ आली, तर त्या कळेची जोड ते त्या माणसाशीच लावतं.

या दोन जिल्ह्यांचं वर्ष आवाजाचं आहे. वळवाचा गडगडाट, गणपतीतली डॉल्बी, दसऱ्याला तासगाव तालुक्यातल्या कवठेएकंदला होणारं शोभेचं दारूकाम, मग दिवाळी, मग लग्नसराई. कवठेएकंदच्या पालखीपुढची आतषबाजी पाहायला लांबून माणसं येतात, तो गावाचा मान आहे. गावात कुत्रं असलेल्या घराने मात्र त्या रात्रीची तयारी आषाढातच सुरू करावी: फटाक्यांचा ध्वनिमुद्रित आवाज जेमतेम ऐकू येईल इतका लावून त्याच वेळी जेवण द्यायचं, आणि आठवड्या-आठवड्याने आवाज किंचित चढवायचा. प्रत्यक्ष त्या संध्याकाळी अंधार पडायच्या आत फिरवून आणा, रस्त्यापासून लांबची आतली खोली निवडा, खिडक्या लावा, पंखा आणि टीव्ही चालू ठेवा, साखळीला बांधू नका. गळपट्ट्यावर फोन नंबर कोरलेला असू द्या. एखादं कुत्रं चार दिवस दुसऱ्या शांत वस्तीवर पाठवलेलंच बरं.

काही भीती शिकवण्याने हटत नाही, कारण ती दुखण्यातून आलेली असते. इतकी वर्षं धीट असलेलं कुत्रं म्हातारपणी एकाएकी आवाजाला दचकायला लागलं, उचलताना गुरगुरायला लागलं, तर आधी सांधे, पाठ, कान, दात तपासून घ्या. शिरवळला १९८८ पासून क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. वाळवा तालुक्यातल्या येडेमच्छिंद्रच्या नाना पाटलांचं नाव सातारा जिल्ह्यातल्या या संस्थेला आहे, आणि दोन्ही जिल्ह्यांना ती हाताशी आहे. फार तीव्र भीतीत डॉक्टर औषधही देतात, आणि त्यात कमीपणा नाही. औषधाने मन थोडं सैल पडलं तरच पुढचं शिकवणं आत जातं. पण दिवाळीच्या रात्री नुसती गुंगीची गोळी मागू नका. अॅसिप्रोमॅझीनसारखं औषध एकटं दिलं तर अंग जड होतं, ऐकू येत राहतं आणि भीती कमी होत नाही. माणसांच्या गोळ्या आपल्या मनाने तर मुळीच देऊ नका.

घाबरलेलं कुत्रं चावू शकतं, हे लपवून काही मिळवायचं नाही. तिसऱ्या महिन्यात रेबीजची पहिली लस आणि पुढे डॉक्टर सांगतील तशी ती वेळेवर, यात सूट नाही. दात लागला, ओरखडा उठला, तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुऊन त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. घरचंच कुत्रं आहे म्हणून थांबायचं नाही. घरात रांगतं मूल असेल तर कुत्रं आणि मूल यांना क्षणभरही एकटं सोडू नका, आणि कुत्र्याला मुलाचा हात पोचणार नाही असा एक कोपरा द्या.

पुढच्या प्रकरणांत दारावरची बेल, एकटं राहणं, नखं कापणं, गाडीत बसणं आणि दवाखान्यात जाणं हे विषय एकेक करून घेतले आहेत. किती दिवसांत फरक पडेल याचा आकडा कुठेच दिलेला नाही. ज्या कुत्र्याचा शिकण्याचा काळ चुकला आहे, ते कदाचित कधीच सगळ्यांच्या अंगावर शेपूट हलवत जाणार नाही. पाहुणे आले तरी आपल्या गोणपाटावर पडून राहिलं, जेवलं, झोपलं, एवढं झालं तरी त्याचं आयुष्य बदललेलं असतं.

पहिलं प्रकरण उघडण्याआधी आठवडाभर काहीच शिकवू नका. एक वही घ्या आणि रोज रात्री लिहा: आज ते कशाला घाबरलं, ती गोष्ट किती पावलांवर होती, आधी काय केलं, खाल्लं का, आणि पुन्हा नीट व्हायला किती वेळ लागला. घरातल्या प्रत्येकाने वेगळं लिहावं, मुलांनीसुद्धा. पहिल्या प्रकरणातलं सगळं काम त्या वहीतल्या पावलांच्या आकड्यावरून सुरू होतं.